लाल गोळी गेली का?

आमच्या कल्याण-डोंबिवलीकडे कुणी जरा विचित्र वागलं की लोक म्हणतात, "याला ठाण्याला पाठवा." ठाण्याला म्हणजे तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात, हे सांगावं लागत नाही. ही थट्टा मी स्वतः शेकडो वेळा केली आहे. मेव्हण्याची केली, सोसायटीच्या सेक्रेटरीची तर तोंडावर केली. तर या थट्टेखोर माणसाला पन्नाशीच्या आत खरोखरच ठाण्याला न्यावं लागलं आणि तिथे तो सात आठवडे राहिला. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, पुढे फारशी संधी नाही.

मी एकवीस वर्षं पायदळात होतो. हवालदार होऊन बाहेर पडलो, ठाकुर्लीला दोन खोल्यांत संसार मांडला आणि डोंबिवलीच्या एका बँकेत गनमॅन म्हणून लागलो. घरात मी, बायको सुनंदा आणि कॉलेजात जाणारी मुलगी प्राची. सुनंदा बालवाडीत शिकवते. ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी मला लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मला रिपोर्ट लिहिता येतो, बाकी काही येत नाही. त्या म्हणाल्या, रिपोर्टच लिहा. हा तो रिपोर्ट. ज्यांच्या घरात माझ्यासारखा माणूस भिंतीला पाठ लावून बसलेला आहे, त्यांच्यासाठी.

शटर

दुपारची वेळ होती. बँकेत गर्दी नव्हती. शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानदाराने जेवायला जाताना शटर धाडकन खाली ओढलं.

त्यानंतरचं मला आठवतं ते असं: मी कॅश काउंटरच्या आड एका गुडघ्यावर बसलो आहे, दुनळी खांद्याला लावलेली आहे, दोन्ही नळ्यांत काडतुसं आहेत आणि नळीच्या पुढे कांताताई उभी आहे. कांताताई आम्हाला चहा आणून देते. किटली तिच्या पायाशी पडलेली आणि चहा फरशीवर पसरलेला.

"भाऊ," ती म्हणत होती. "भाऊ, मी कांता. चहा आणलाय. भाऊ, मी कांता."

किती वेळा म्हणाली कोण जाणे. शटर आणि कांताताई यांच्यामध्ये अर्धं मिनिट गेलं असेल, ते माझ्याकडे नाहीच. काडतुसं मी कधी भरली तेही माझ्याकडे नाही. माझं बोट ट्रिगरच्या बाहेर होतं, एवढी फौजेची सवय शाबूत होती, नाहीतर आज मी हे लिहीत नसतो आणि कांताताई चहा आणत नसती.

मॅनेजरसाहेब भले माणूस. आरडाओरडा केला नाही. "काही दिवस घरी आराम करा," म्हणाले. बंदुकीचं लायसन माझ्या नावावर, बंदूक माझी, म्हणून तीही त्यांनी कव्हरमध्ये घालून माझ्या खांद्याला अडकवून दिली. डोकं फिरलेल्या माणसाला बंदुकीसकट घरी पाठवलं, पण त्यात त्यांचीही चूक नाही. डोकं फिरलंय हे तेव्हा मलाही मान्य नव्हतं.

कपाट

घरी बसल्यावर खरा आजार सुरू झाला. म्हणजे तो चौदा वर्षं होताच, पण तोवर त्याला युनिफॉर्म होता.

मी फरशा मोजायला लागलो. हॉलमध्ये एकशे बारा आहेत. मोजून झालं की पुन्हा मोजायचो, कारण एखादी कमी झाली असेल तर? दाराकडे पाठ करून बसता येईना. कुकरची शिट्टी झाली की घाम. जेवण गिळवेना. एकदा प्राचीने मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, "बाबा, चहा घेणार?" म्हणायला. मी तिचं मनगट असं पिरगळलं की ती खालीच बसली. ती रडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती खडवलीला मावशीकडे राहायला गेली, अभ्यासाला शांतता मिळते म्हणून. शांतता खडवलीला मिळतेच, पण खरं कारण ते नव्हतं. माझ्या पोरीला माझी भीती वाटत होती, आणि ती बरोबर होती.

घरी बसल्याच्या आठव्या दिवशी सकाळी सुनंदा बालवाडीत गेली आणि मी कपाट उघडलं. आडवळणाने सांगत नाही. मी मरायचं ठरवलं होतं. रागाने नाही, दुःखानेही नाही. फार दमलो होतो, आणि माझ्यावाचून या दोघी सुखी होतील असं मला अगदी हिशेबाने पटलं होतं. हा आजार असाच बोलतो. तुमच्याच आवाजात बोलतो, म्हणून आपल्याला पटतं.

कव्हर उचललं आणि कळलं. आयुष्यभर हत्यार उचललेल्या माणसाला वजन सांगावं लागत नाही. चेन उघडली. दस्ता होता, पुढची लाकडी मूठ होती. नळी नव्हती.

मी घर उलटंपालटं केलं. काश्मीरात आम्ही गावंच्या गावं धुंडाळलेली आहेत. गवताच्या गंजीतून, चुलीखालून, मक्याच्या पोत्यातून मी पिस्तुलं काढलेली आहेत. इथे दोन खोल्या. माळा उपसला, तांदळाचा डबा ओतला, पिंपात हात घातला. मिळेना. शेवटी गादीवर जाऊन बसलो आणि मोठमोठ्याने रडलो. नळी मिळत नाही म्हणून रडलो, हे मी लिहूनच ठेवतो.

दोन वाजता सुनंदा आली. घरभर सांडलेला तांदूळ बघितला. चपला काढल्या.

"जेवलात?"

"नळी कुठाय?"

"नाही मिळणार."

"तुला काढायला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. तीन वर्षं दर रविवारी माझ्यासमोर बसून खोलता आणि जोडता. मी काय आंधळी आहे?" मग ती खाली बसून तांदूळ भरायला लागली. भरता भरता म्हणाली, "दादाला फोन केलाय. उद्या गाडी घेऊन येतोय. ठाण्याला जायचं."

मी भांडलो नाही. नळी नसलेल्या माणसाने कशाच्या जोरावर भांडायचं?

शीळफाटा

रोगाचं निदान होण्याआधी आम्हाला शीळफाट्याने गाठलं. दीड तास गाडी तसूभर हलली नाही. पुढच्या टेम्पोत लोखंडी सळया होत्या आणि ड्रायव्हर कंटाळून त्यांच्यावर पाना आपटत बसला होता. मी दार उघडायला गेलो. सुनंदाने माझ्या शर्टाचं टोक आपल्या मुठीत गुंडाळून धरलं आणि खालच्या आवाजात बुद्धवंदना म्हणायला लागली. मेव्हणा काचेतून समोर बघत होता. ज्याची मी आयुष्यभर टिंगल केली, त्याच्या गाडीत मी थरथरत होतो आणि तो बिचारा आरशातसुद्धा बघत नव्हता, मला लाज वाटू नये म्हणून.

डॉक्टरबाई तिशीच्या असतील. मी मनात म्हटलं, ही काय बघणार मला. त्यांनी तासभर विचारलं. कधीपासून, तर चौदा वर्षं, एवढं मी सांगितलं. मग आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं आणि मराठीत म्हणाल्या, "मोठा आघात झाल्यानंतर होतो. तुमच्यासारख्या बऱ्याच जणांना होतो."

"मी भेकड नाही," मी म्हटलं.

"मी कुठे म्हटलं?"

"पायाला गोळी लागली असती तर दाखवता आली असती."

"हो. ती असती तर चौदा वर्षं थांबला नसतात." मग त्यांनी विचारलं, "घरात हत्यार आहे?"

सुनंदा म्हणाली, "आहे, पण त्याला नळी नाही."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवून तिच्याकडे बघितलं. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याच दिवशी मला दाखल करून घेतलं. सुनंदा गेली तेव्हा माझा पट्टा, बुटांच्या नाड्या आणि दाढीचं सामान तिच्या पिशवीत होतं. चालताना पँट एका हाताने धरावी लागत होती. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

चमचे

वॉर्डात प्रत्येक जेवणानंतर चमचे मोजतात. बेचाळीस चमचे. एक कमी पडला तर कुणीही उठायचं नाही, गाद्या उलट्या करायच्या, मिळेपर्यंत बसायचं.

हे बघून पहिल्यांदा मला जरा घरी आल्यासारखं वाटलं. फौजेत गोळीबाराच्या सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या अशाच मोजतात. एक पुंगळी कमी पडली तर सगळी कंपनी गवतात हातापायांवर रांगत शोधते. संध्याकाळी कोतात, म्हणजे आमच्या शस्त्रागारात, रायफली मोजून होईपर्यंत कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. चौथ्या दिवशी मी वॉर्डातल्या मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, म्हटलं, "मोजू का मी?" ते म्हणाले, "मोजा हवालदारसाहेब." त्या दिवसापासून मी मोजायचो आणि ते माझ्यामागून पुन्हा मोजायचे, मला दिसणार नाही अशा बेताने. मला दिसायचं.

बाकी काही चांगलं नव्हतं. गोळ्यांनी जीभ जड व्हायची. तोंडातून लाळ गळायची. शेजारच्या खाटेवरचे गुरुजी दिवसभर एकाच मुलाची हजेरी घ्यायचे. पहिले तीन आठवडे मी रोज सकाळी उठून निराश व्हायचो की उठलो. लोक आजारातून उठल्यावर लिहितात की आशा सोडू नका. मी सोडली होती. पूर्णपणे सोडली होती. तरी सकाळी चमचे मोजायचे असायचे, म्हणून उठायचो. ज्याला आशा जमत नाही त्याने काहीतरी मोजायला घ्यावं, एवढंच मी सांगू शकतो.

सदा

चौथ्या आठवड्यात मी डॉक्टरबाईंना सदाबद्दल सांगितलं. त्याआधी कुणालाच नाही.

सदा साताऱ्याकडचा. फौजेत जोड्या असतात, एकाने दुसऱ्याची पाठ राखायची. तो माझा जोडीदार. कोतात रायफलीच्या दस्त्यावर नंबर रंगवलेला असतो आणि माणसापेक्षा तो नंबर जास्त बोलला जातो. सदाचा त्रेचाळीस, माझा चव्वेचाळीस. आमच्या रायफली सहा वर्षं शेजारी शेजारी उभ्या होत्या.

आता एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. आमच्या मॅगझिनमध्ये तीस गोळ्या बसतात. आम्ही अठ्ठावीसच भरतो, म्हणजे स्प्रिंग दमत नाही. आणि भरताना सगळ्यात आधी, तळाला, तीन ट्रेसर घालतो. ट्रेसर म्हणजे अशी गोळी जी जाताना लाल रेघ ओढत जाते. जी आधी भरली ती शेवटी बाहेर येते. धुमश्चक्रीत गोळ्या कोण मोजणार? पण नळीतून लाल रेघ गेली की कळतं, संपत आलं. आडोशाला व्हायचं, मॅगझिन बदलायचं. लाल दिसली नाही तर रायफल रिकामी झाल्याचं तेव्हाच कळतं, जेव्हा ती वाजत नाही.

आणि दुसरी गोष्ट. आपली मॅगझिनं आपणच भरायची. हा नियम रंगरुटालासुद्धा पाठ असतो.

त्या संध्याकाळी सदाला ताप होता. पहाटे निघायचं होतं. तो शाल पांघरून पडला होता. मी म्हटलं, आण इकडे, मी भरतो. नियम मोडला तो मायेपोटी मोडला.

"लाल टाक रं तीन-तीन," सदा शालीतून म्हणाला. "इसरू नको."

"हो रे बाबा. झोप तू."

पाच मॅगझिनं होती. चार मला आठवतात. पाचवं हातात होतं तेव्हा सुभेदारसाहेबांनी नकाशा बघायला बोलावलं. मी गेलो, आलो, भरलं. त्यात लाल टाकल्या होत्या का? चौदा वर्षं मी त्या खोलीत परत परत जातो. कंदील दिसतो, शाल दिसते, माझा अंगठा गोळ्या दाबताना दिसतो. गोळ्यांचं टोक दिसत नाही.

सकाळी सफरचंदांच्या बागेत गाठ पडली. दगडी बांधाआड मी आणि सदा, मध्ये दोन हातांचं अंतर. तो मारत होता. मग खट् झालं. तेवढ्या गदारोळात मला ते ऐकू आलं. भरलेला म्हणून हंडा उचलावा आणि तो रिकामा निघावा, तसा त्याने रायफलीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. रागावलेला नव्हता. नुसता विचारत होता. मग कंबरेच्या पाकिटातून मॅगझिन ओढायला तो जरासा वर झाला, आणि त्याला गोळी लागली. झालं.

त्रेचाळीस नंबरची रायफल मी खांद्यावर घेऊन खाली आलो. त्याची मॅगझिनं मोजून जमा केली. पाचही होती. रिकाम्या मॅगझिनवर काही लिहिलेलं नसतं. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "लाल टाकली नव्हती, असं तुम्हाला आठवत नाही. म्हणजे पुरावा नाही आणि शिक्षा चौदा वर्षांची?"

हे ऐकून मन हलकं झालं असं लिहायला मला आवडलं असतं. झालं नाही. आजही नाही. माझी चूक होती की नव्हती हे मला कधीच कळणार नाही, आणि मला त्याच्यासकटच राहायचं आहे. फक्त ते खोलीबाहेर आलं.

रविवारची भेट

पुढच्या रविवारी सुनंदाला सांगितलं. सगळं, शालीपासून. ती डब्यातल्या भाकरीचे तुकडे करत होती. करायची थांबली. तिला सदा माहीत होता. प्राचीच्या नामकरणाला त्याने चांदीचा वाळा पाठवला होता.

मला वाटलं, आता ही उठून जाईल.

"म्हणजे लाल दिसली की संपत आलं, असं असतं?" तिने विचारलं.

"हो."

"मग तुमची लाल कुठली? त्या दिवशी कपाट उघडलंत, त्याच्या आधी काय झालेलं? मला कळायला नको?"

चार दिवस विचार केला. मग डॉक्टरबाईंबरोबर बसून कागदावर लिहिलं. फरशा मोजतो. चहा सोडतो. दाढ दाबून धरतो. आणि या दोघी माझ्याविना बऱ्या, असं वाटायला लागतं. हे शेवटचं आलं की तळ आला.

सुनंदाने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "मी रोज विचारीन," ती म्हणाली. "खरं सांगायचं. सदाभाऊंना कळलं नाही. तुम्हाला कळतं, तर सांगायचं."

"आणि नळी कुठे होती?"

"गादीखाली. तुमच्या बाजूला."

मी त्या नळीवर आठ दिवस झोपलो होतो. नळी मिळेना म्हणून रडायला बसलो होतो तेही तिच्यावरच. वॉर्डात मी हसलो तो त्या दिवशी, मामा धावत आले बघायला.

जमा

घरी सोडल्यावर पहिलं काम पोलीस स्टेशन. दस्ता माझ्या खांद्याला, नळी चादरीत गुंडाळून सुनंदाच्या काखेत, काडतुसं प्राचीच्या सॅकमध्ये. प्राची खडवलीहून त्यासाठी आली होती. अजून ती माझ्या मागून येत नाही, समोरून येते. येते हे पुष्कळ.

हवालदाराने, म्हणजे पोलिसातल्या, विचारलं, "असे तुकडे करून का आणलीत?"

"आमच्या घरी अशीच ठेवतात," सुनंदा म्हणाली.

जमा करायच्या आधी मी बंदूक जोडली, उघडून नळीतून उजेड बघितला, साफ होती. पावती घेतली. बाहेर आल्यावर हात इतके हलके झाले की कुठे ठेवावे कळेना. प्राचीने तिची सॅक धरायला दिली. नोकरी गेली, लायसनही परत मागणार नाही. शस्त्राशिवाय मी कोण, हे मला अजून माहीत नाही.

तुमच्या घरात असा माणूस असेल आणि शस्त्र असेल, तर त्याची परवानगी मागत बसू नका. आधी ते त्याच्यापासून दूर करा आणि त्याला डॉक्टरकडे न्या. तो भांडेल. भांडू दे.

याला आता सात महिने झाले. रोज संध्याकाळी सुनंदा कणीक मळता मळता विचारते, "लाल गेली का?" बाजारातून कोथिंबीर आणली का, त्याच सुरात. मी म्हणतो, "नाही." बहुतेक दिवशी ते खरं असतं.

आज हा रिपोर्ट लिहून होत आला. सदाचा भाग लिहिताना चहा गार झाला, तो मी ओतून दिला. दुसराही ओतला. दाढ दुखायला लागली तेव्हा कळलं की दाबून धरली आहे. हॉलमधल्या फरशा एकशे बारा आहेत. या दोघींचं माझ्यावाचून काय अडणार आहे, असं मनात आलं, माझ्याच आवाजात, अगदी समजूतदारपणे.

आतून सुनंदाने विचारलं, "लाल गेली का?"

नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. सात महिन्यांची सवय. एवढं बरं होत आलेलं, आता कुठे परत, तिला कशाला त्रास.

मग सदा दिसला, रायफलीकडे आणि मग माझ्याकडे बघणारा.

"गेली," मी म्हटलं.

आत परात ठेवल्याचा आवाज आला. तिने गॅस बंद केला. कणकेच्या हातांनीच ती बाहेर आली आणि माझ्या समोर, दाराकडे पाठ करून बसली.